परका मासा इथल्या पाण्यात माजेल का? धोका कसा तपासावा

मत्स्यालयाच्या दुकानात बोटभर लांबीचा सकर ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून स्वस्तात मिळतो. वर्षा-दोन वर्षांत तो फूटभराचा होतो, टाकीत मावेनासा होतो आणि घरातले कुणीतरी त्याला जवळच्या तळ्यात सोडून येते. मारायचा कसा, म्हणून. भारतातल्या नद्या-तलावांत सकर पोहोचला तो मुख्यतः याच वाटेने, आणि आज उजनीच्या मासेमारांना तो जाळ्यातून सोडवत बसावे लागते.

एखादा मासा माजल्यावर तो उपद्रवी आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तो येण्याआधी, किंवा नुकता आलेला असताना, अंदाज बांधता यायला हवा. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे. ती इथे सकर मासा आणि भीमेचे खोरे हे उदाहरण धरून दिली आहे. रूपचंद, अरापाइमा किंवा दुकानात नव्याने आलेला कोणताही मासा याच पायऱ्यांनी तपासता येतो.

पायरी १ : पाणी ठरवा

‘महाराष्ट्रात धोका आहे का?’ हा प्रश्न फार मोठा आहे. कोकणातल्या नद्या आखूड, उताराच्या आणि थेट खाडीला मिळणाऱ्या. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव उथळ. भीमेवर मोठमोठी धरणे. एकाच माशाचे उत्तर या तिन्ही ठिकाणी वेगळे येऊ शकते. म्हणून एक खोरे निवडा आणि कागदावर लिहा. त्यात कालवे विसरू नका. नकाशावरची पाणलोटाची रेघ मासा पाळतो, पण कालवा त्याला ती ओलांडून देतो. भीमा पुढे कृष्णेला मिळते, तेव्हा उजनीत शिरलेल्या माशाचा हिशेब सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही, कर्नाटक-तेलंगणापर्यंत जातो.

पायरी २ : मासा नक्की कोणता, ते ठरवा

सगळ्यात जास्त मूल्यांकने इथेच बिघडतात. ‘सकर’ किंवा ‘प्लेको’ हे दुकानातले नाव आहे. त्याखाली दक्षिण अमेरिकेतल्या चिलखती मांजरमाशांच्या अनेक प्रजाती विकल्या जातात. भारतातल्या जुन्या नोंदींत त्यांना सरसकट हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस म्हटलेले आढळते. प्रत्यक्षात पसरलेले मासे बहुतेक टेरिगोप्लिक्थिस या वंशाचे असतात.

फरक असा ओळखा. पाठीवरच्या पराचा पुढचा जाड काटा सोडून मागचे मऊ किरण मोजा. दहा किंवा जास्त असतील तर टेरिगोप्लिक्थिस, सातच्या आसपास असतील तर हायपोस्टोमस किंवा दुसरे काही. तोंडावर मऊ मिशांसारखे फाटे आणि लांबी दहा-बारा सेंटीमीटरवर थांबलेली असेल तर तो अॅन्सिस्ट्रस. त्याचे मूल्यांकन वेगळे करावे लागते. मग मासा उलटा करून पोट पाहा. सुटे ठिपके असतील तर पार्डालिस, ठिपके एकमेकांत मिसळून गांडुळासारख्या रेघा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. दोन्हींच्या मधली नक्षी सर्रास दिसते, कारण पाळलेल्या माशांत संकर झालेला असतो. अशा वेळी ओढूनताणून एक नाव देऊ नका. ‘पार्डालिस-डिसजंक्टिव्हस गट’ असे लिहून पुढे चला.

नाव ठरले की त्याची जुनी शास्त्रीय नावेही काढा. पार्डालिसची बरीच माहिती लिपोसार्कस या जुन्या वंशनावाखाली आहे. फक्त नवे नाव शोधले तर अर्धा इतिहास हातातून निसटतो.

फोटो तीन हवेत : बाजूने, पोटाकडून आणि पाठीचा पर उघडून. शेजारी मोजपट्टी ठेवा. जाळ्यात सापडलेला जिवंत सकर नुसत्या हाताने धरू नका, त्याच्या छातीच्या परांचे काटे तळहात फाडतात.

पायरी ३ : त्याचा दुसरीकडचा इतिहास काढा

कोणताही मासा नव्या पाण्यात माजेल का, याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा एकच : तो आधी दुसऱ्या देशात माजला आहे का. बाकीचे गुणधर्म त्याच्यामागून येतात. फिशबेस (माशांचा माहितीसाठा), जीबीआयएफ (जगभरच्या जीवनोंदींचा साठा), अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा परक्या जलचरांचा साठा आणि आययूसीएनची आक्रमक प्रजातींची यादी या चारही ठिकाणी शोधा.

सापडलेली प्रत्येक नोंद तीनपैकी एका रकान्यात टाका. ‘दिसला’ म्हणजे एक-दोन मासे सापडले. ‘स्थिरावला’ म्हणजे तिथेच प्रजनन करून टिकला. ‘नुकसान केले’ म्हणजे कोणाचे, काय, किती हे कुणीतरी मोजले आहे. पहिला रकाना भरला म्हणून दुसरा भरला असे नव्हे. तलावात सापडलेला एक मोठा सकर कालच सोडलेला असू शकतो. वेगवेगळ्या लांबीचे मासे, त्यांत पिल्ले, आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या असे एकत्र सापडले तरच ‘स्थिरावला’ म्हणा.

सकराच्या बाबतीत तिन्ही रकाने भरतात. फ्लोरिडात तो काठावर बिळे पोखरतो, तिथल्या झऱ्यांत मॅनाटी या पाण्यातल्या मोठ्या सस्तन प्राण्याच्या पाठीवर चिकटून शेवाळ खरवडतो. प्वेर्तो रिकोत तो गिळताना काटे घशात अडकून पेलिकन मेल्याची नोंद आहे. भीमेसाठी सर्वांत बोलका दाखला मात्र मेक्सिकोचा. बाल्सास नदीवरचे इन्फियर्निलो धरण तिलापियाच्या (म्हणजे आपल्या चिलापीच्या) मासेमारीसाठी नावाजलेले होते. तिथे जाळी तिलापियाऐवजी सकरांनी भरू लागली आणि मासेमारांची कमाई कोसळली. मोठे धरण, उष्ण पाणी, चिलापीवर चालणारी चूल : उजनीशी इतके जुळणारे दुसरे ठिकाण शोधून सापडणार नाही.

‘कुठेच नुकसान नोंदलेले नाही’ याचे दोन अर्थ होतात. मासा शंभर ठिकाणी सुटला आणि काही झाले नाही, हा चांगला पुरावा. मासा कुठे नेलाच गेला नाही म्हणून नोंद नाही, हा पुरावाच नव्हे. दोन्हींना सारखे गुण देणे ही नवख्यांची ठरलेली चूक.

पायरी ४ : हवामान जुळते का, पण पाण्याकडे पाहून

माशाचा मूळ प्रदेश आणि आपले खोरे यांचे हवामान ताडून पाहणारी सॉफ्टवेअर आहेत. ऑस्ट्रेलियात तयार झालेले क्लायमॅच तापमान आणि पावसाच्या सोळा मापांवर गुण देते. हाताने करायचे तर जगाचे हवामानाचे पट्टे दाखवणारा कोपेन-गायगर नकाशा पुरतो. तुलनेत मूळ प्रदेशासोबत तो जिथे जिथे स्थिरावला ती ठिकाणेही धरा. जिथे फक्त टाकीत आहे किंवा सोडून मेला, ती धरू नका.

आता सापळा. अॅमेझॉनचे खोरे दमट आणि पावसाचे, सोलापूर-भिगवणचा पट्टा नकाशावर निमकोरडा. पावसाचे आकडे घातले की ‘हवामान जुळत नाही’ असे उत्तर येते. पण मासा पावसात राहत नाही, पाण्यात राहतो, आणि उजनीचे पाणी सह्याद्रीतून येते. धरण उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये गेले तरी मृतसाठा राहतोच. म्हणून दख्खनसाठी पावसाची मापे बाजूला ठेवून फक्त तापमानावर तुलना पुन्हा करा आणि दोन्ही उत्तरे अहवालात द्या.

तापमानात खरा प्रश्न सगळ्यात थंड आठवड्याचा असतो. सकराला साधारण दहा अंशांच्या आसपासचे पाणी प्राणघातक ठरते. भीमेच्या काठी जानेवारीच्या पहाटे हवा दहा-बारा अंशांवर उतरली तरी एवढ्या मोठ्या साठ्याचे पाणी तितके गार होत नाही, म्हणजे थंडी इथे त्याला अडवणार नाही. पंजाबातल्या उथळ तळ्यासाठी हेच उत्तर बेधडक देता येणार नाही. शिवाय सरासरी फसवते. फ्लोरिडात थंडीच्या लाटेत उष्ण कटिबंधातले मासे मरतात, पण बाराही महिने बावीस-तेवीस अंशांवर राहणाऱ्या झऱ्यांत आसरा घेतलेले वाचतात आणि उन्हाळ्यात पुन्हा पसरतात. औष्णिक वीज केंद्राचे कोमट पाणी सोडले जाते ती जागाही तसाच आसरा. तुमच्या खोऱ्यात असे ठिकाण असेल तर ते नोंदवा.

एखाद्या माशाची थंडी सोसण्याची हद्द कुठेच दिलेली नसेल तर प्रयोगशाळेत काढतात. आठ-दहा मासे पंचवीस अंशांना स्थिरावून रोज एक अंश पाणी गार करायचे. खाणे थांबले, तोल गेला, मेला, असे तिन्ही आकडे लिहायचे आणि शेजारी तापमान न बदललेली टाकी ठेवायची. पाणी घाईने, मिनिटामिनिटाला गार केले तर मासा प्रत्यक्षापेक्षा काटक वाटतो, कारण हळूहळू मारणाऱ्या थंडीला वेळच मिळत नाही. हे काम परवानगी असलेल्या संस्थेचे आहे, घरच्या टाकीतले नव्हे.

पायरी ५ : प्रश्नावली भरा

यासाठी एएस-इस्क हे मोफत साधन वापरतात. ते ब्रिटनमधल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी बनवलेल्या फिस्क या जुन्या प्रश्नावलीतून पुढे आले. एकूण ५५ प्रश्न. त्यांतले १३ माशाचा भूगोल, पाळीव वापर आणि इतिहास यांवर, ३६ जीवशास्त्रावर, आणि शेवटचे ६ हवामान बदलल्यावर काय होईल यावर. प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी द्याव्या लागतात : उत्तर, पुराव्याचे एक-दोन ओळींत कारण, आणि खात्री १ (सर्वांत कमी) ते ४. उत्तरांवरून धोक्याचे एकूण गुण निघतात.

पायरी ३ आणि ४ नीट झाल्या असतील तर पहिले १३ पटकन भरतात. जीवशास्त्राच्या प्रश्नांत सकराचा पाढा लांबच लांब आहे. जठरातून हवा घेऊन तो प्राणवायू संपलेल्या पाण्यात जगतो. पाण्याबाहेर ओलाव्यात कित्येक तास काढतो. नर मीटरभर खोल बिळात अंडी राखतो. मादी शेकड्यांनी, मोठी असेल तर हजारांनी अंडी घालते. शेवाळ आणि गाळातला कुजका भाग हे त्याचे खाणे कुठेही मिळते. पिल्लू म्हणून गिळला नाही, तर मोठ्या चिलखती माशाला मरळ किंवा वामही सहजी खात नाही.

इथे एक गोष्ट सांभाळा. उत्तर सापडले नाही म्हणून ‘नाही’ लिहू नका. जवळच्या प्रजातीवरून अंदाज करा, तसे स्पष्ट लिहा आणि खात्री १ द्या. खात्रीचा आकडा शेवटी वेगळा काढायचा असतो : सगळ्या खात्रींची बेरीज भागिले २२० (५५ प्रश्न गुणिले ४). सगळीकडे ३ दिलेत तर १६५ भागिले २२०, म्हणजे ०.७५. धोक्याचे गुण जास्त पण खात्री ०.४ असेल, तर तो निष्कर्ष बंदीसाठी नव्हे, आणखी पुरावा गोळा करण्यासाठी आहे.

दोन किंवा तीन जणांनी स्वतंत्र भरावे. मग गुणांची सरासरी न काढता, जिथे उत्तरे वेगळी आली तेवढे प्रश्न समोर घेऊन बसावे. बहुतेक वेळा एकाने वाचलेला लेख दुसऱ्याने वाचलेला नसतो.

पायरी ६ : ‘जास्त’ म्हणजे किती?

एकपेक्षा कमी गुण म्हणजे धोका कमी, हे सगळीकडे सारखे. मध्यम आणि जास्त यांच्यामधली रेघ मात्र प्रत्येक प्रदेशाची वेगळी. जुन्या फिस्कसाठी ब्रिटनमध्ये ती १९ वर आली, फ्लोरिडाच्या द्वीपकल्पासाठी नव्या आवृत्तीत १०.२५ वर. दुसऱ्याची रेघ उचलून भीमेला लावली तर उत्तर चुकते, आणि चूक कुठल्या बाजूला झाली तेही कळत नाही.

आपली रेघ काढायला, ज्यांचे वागणे माहीत आहे असे पंधरा-वीस मासे तरी याच प्रश्नावलीतून काढा. उपद्रवी बाजूला १९५२ साली भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया, म्हणजे आपला चिलापी. डासांसाठी १९२८ मध्ये आणलेला गंबुसिया, विहिरी-गटारांत सोडला जाणारा गप्पी, बंदी असूनही पाळला जाणारा थाई मांगूर. निरुपद्रवी बाजूला निऑन टेट्रासारखे मासे. तो दुकानांत वर्षानुवर्षे अमाप विकला जातो, पण त्याच्या अंड्यांना मऊ, आम्लधर्मी पाणी लागते आणि दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेले पाणी नेमके उलट. दोन्ही गटांच्या गुणांवरून आरओसी वक्र (दोन गट सर्वांत नीट वेगळे करणारा आकडा शोधायचा संख्याशास्त्रीय आलेख) काढला की रेघ मिळते. निरुपद्रवी मासे यादीत कमी पडले, आणि पडतातच, तर रेघ हलकी-भारी होते, म्हणून त्यांच्यासाठी जास्त वेळ ठेवा.

एवढा वेळ नसेल तर अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसची झटपट चाळणी आहे. तिथे दोनच गोष्टी पाहतात : इतिहास आणि हवामानाचे जुळणे. दोन्ही ‘जास्त’ तर धोका जास्त, दोन्ही ‘कमी’ तर कमी, बाकी सगळे ‘अनिश्चित’. दुकानातल्या लांब यादीतून आधी कोणते मासे तपासायचे हे ठरवायला ती उत्तम.

पायरी ७ : गुणांवरून शिफारस

गुण सांगतात की मासा सुटला तर काय होईल. तो सुटण्याची शक्यता वेगळी मोजा. महागडा, एकेकटा पाळला जाणारा मासा आणि क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत मिळणारा, मोठा झाल्यावर नकोसा होणारा मासा, यांत दुसरा कितीतरी जास्त वेळा सोडला जातो. मत्स्यशेती असेल तर पाहणी करा : तळे पूररेषेच्या आत आहे का, बाहेर जाणाऱ्या पाण्याला जाळी आहे का, पावसाळ्यात बांध किती वेळा फुटतो.

मग परत काढता येईल का ते पाहा. बंदिस्त शेततळे उपसून, वाळवून, चुना टाकून स्वच्छ करता येते. सकर असेल तर बिळे उकरूनच, कारण गाळ ओला असेतो तो आत जगतो. उजनीत हे अशक्य. म्हणून सकरासारख्याची शिफारस विक्री आणि पैदास थांबवण्याचीच येते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीत आलेले कलम ६२ अ केंद्राला परक्या आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणे यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार देते. शिफारस लिहिताना त्याच शब्दांत मागणी करा. मध्यम गुणांच्या माशाला सरसकट बंदी सुचवू नका. त्यावर कुणाचे पोट असते, आणि जाळी-बांधांच्या अटींवर काम भागते.

अहवालाला भरलेली प्रश्नावली कारणांसकट, फोटो, रकान्यांचा तक्ता आणि तारीख जोडा. शेजारच्या खोऱ्यात पिल्ले सापडली, दुकानात त्याच माशाचा नवा संकर आला, किंवा खोऱ्याला नवा कालवा जोडला गेला, की तारीख जुनी झाली असे समजून पायरी ३ पासून पुन्हा सुरू करा.