एफआयव्हीचा बोका घरी येतोय? आधी कौलांकडे बघा

रिपोर्टात एफआयव्ही, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू, पॉझिटिव्ह आला की घरात एकच प्रश्न उठतो: आम्हाला होणार का? नाही होणार. हा विषाणू मांजरांचाच. माणसाला नाही, कुत्र्यालाही नाही. 1986 साली कॅलिफोर्नियात तो पहिल्यांदा सापडला आणि एचआयव्हीच्या कुळातला निघाला, म्हणून नुसत्या नावानेच लोक दचकतात. हे आधी आजीला नीट सांगून ठेवा, कारण दुपारभर बोक्यासोबत घरात तीच असणार.

पिल्लू असेल तर घाई नको. तपासणीचं किट विषाणू नाही, त्याच्याशी लढणाऱ्या अँटीबॉडी दाखवतं, आणि त्या आईच्या दुधातून आलेल्याही असू शकतात. सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासा. मोठ्या बोक्याची ल्युकेमियाची (तोही मांजरांचाच एक विषाणू) तपासणी त्याच वेळी उरकून घ्या. खच्चीकरण झालेलं नसेल तर तेही करा. रोग पसरतो तो भांडणातल्या खोल चाव्यातून, आणि बोके भांडतात कशावरून ते सांगायला नको.

आता घर. फ्लॅटवाल्यांनी बाल्कनीला जाळी लावली की झालं. आमच्यासारखं गोव्यातल्या फोंड्याकडचं जुनं घर असेल तर मान वर करून बघा: भिंत संपते आणि कौलं सुरू होतात तिथे वीतभर फट असते. आमचा बोका पहिल्याच रात्री कपाटावरून वाशावर चढला आणि त्या फटीतून पसार. सकाळी परत आला तो फाटका कान घेऊन, आणि वर थाटात जेवायला बसला! मग सुताराला बोलावून तारेची जाळी ठोकून घेतली. नायलॉनची लावू नका, नखांनी दोन दिवसांत उसवते. हा बाहेर हिंडला तर दुसऱ्यांना रोग देईल, पण त्याहून मोठी भीती म्हणजे बाहेरचं कसलंही दुखणं त्याला झेपणार नाही.

घरात दुसरं मांजर असेल तर दोघांना आठवडा-दोन आठवडे वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. पाण्याचं भांडं एक झालं तर जीव खाली-वर करू नका. जमत नसेल, बोचकारणं-चावणं चालू असेल, तर मात्र खोल्या कायमच्या वेगळ्या.

विळीपाशी बसून बांगड्याची आतडी मागेल, देऊ नका. कच्चं काही नाही. उकडून, काटे काढून, मीठ-मसाल्याशिवाय द्या, तेही चवीपुरतं. नुसत्या मासळीवर मांजराचं पोषण होत नाही.

पावसाळ्याआधी पिसवांचं औषध आणून ठेवा, पण मांजराचंच. कुत्र्याच्या थेंबांत पर्मेथ्रिन असेल तर मांजर दगावतं. पॅरासिटामॉलनेही. दर सहा महिन्यांनी डॉक्टर. लसी त्यांना विचारून, आणि गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून रेबीजची टाळू नका. मधल्या काळात महिन्यातून एकदा बोक्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, आपलं वजन वजा करा आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. तोंडाला वास, लाळ, हिरड्या लाल, जेवताना एकाच बाजूने चावणं यांपैकी काही दिसलं तर सहा महिने थांबू नका. दिवसभर खाल्लंच नाही तर त्याच दिवशी दवाखाना.

चवथीला, म्हणजे गणपतीत, दारं सताड उघडी, पाहुण्यांची ये-जा, वर माटोळीला (गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला) लोंबणाऱ्या सुपाऱ्या. ते पाच दिवस बोका मागच्या खोलीत, कडी वरची, आणि चावी आजीकडे.