स्लो कुकरमधले बारबेक्यू ब्रिस्केट: या चुका टाळा

स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, आठ तास शिजवूनही बीफ ब्रिस्केट वातड लागले, की जास्त शिजले असावे असा समज होतो. बहुतेक वेळा कारण नेमके उलटे असते. ते अजून शिजलेलेच नसते.

ब्रिस्केट हा छातीचा, पुढच्या पायांमधला भाग. उभ्या जनावराचा मोठा भार याच स्नायूंवर येतो, म्हणून त्यात कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारे प्रथिन, भरपूर असते. मांस 60-65 अंश सेल्सिअसला पोचले की तंतू आकसतात आणि रस बाहेर पडतो. कोलॅजन मात्र 70 अंशांच्या पुढे, तेही सावकाश, विरघळू लागते. या मधल्या टप्प्यात कुकर बंद केला तर रस गेलेला असतो आणि मऊपणा आलेला नसतो. थर्मामीटर मांसाच्या सर्वांत जाड भागात, मध्यापर्यंत खुपसून पाहा: 90 ते 95 अंश हवेत. त्याहून भरवशाची खूण म्हणजे सळई. लोण्यात जावी तशी आत गेली पाहिजे. अडखळली तर झाकण लावून आणखी 45 मिनिटे ते तासभर ठेवा.

उलटी चूकही होते, विशेषतः बारीक तुकड्याच्या बाबतीत. ओळखायला पेन्सिलीइतक्या जाडीचा एक काप बोटावर आडवा टाका. तो वाकून लोंबला आणि हलक्या ओढीने सुटला तर बरोबर. ओढूनही सुटत नसेल तर कच्चा. बोटावरच तुकडे पडले तर जास्त शिजला. अशा मांसाचे काप करण्याचा हट्ट सोडा. ते काट्याने सोडवून आटवलेल्या सॉसमध्ये कालवा, कोरडेपणा बराचसा झाकला जातो.

वेळेचे गणित

दीड ते दोन किलोच्या तुकड्याला ‘लो’वर 8 ते 10 तास, ‘हाय’वर 5 ते 6 तास लागतात. बऱ्याच कुकरमध्ये दोन्ही बटणांचे अंतिम तापमान जवळपास सारखेच, उकळीच्या आसपासचे असते. फरक तिथे पोचायच्या वेगाचा. घाई नसेल तर ब्रिस्केट ‘लो’वरच करा. काही कुकर जास्त तापतात, म्हणून पहिल्यांदा करताना सातव्या तासाला एकदा तपासा. उगाच झाकण उघडू नका, दर वेळी गेलेली उष्णता भरून निघायला 20-30 मिनिटे जातात. ‘वॉर्म’ बटण शिजवण्यासाठी नाहीच.

गोठलेले मांस थेट कुकरमध्ये टाकू नका. ते 4 ते 60 अंशांच्या पट्ट्यात फार वेळ रेंगाळते आणि जंतूंना तेवढाच वाव मिळतो. दोन किलोच्या तुकड्याचा बर्फ फ्रिजमध्ये सुटायला साधारण 24 तास लागतात.

पाणी आणि सॉस

सर्वांत जास्त ब्रिस्केट बिघडतात ती इथेच. भांड्याला झाकण असते, वाफ बाहेर जात नाही आणि मांस स्वतःच भरपूर रस सोडते. दोन किलोच्या तुकड्यातून सहज दोन कप द्रव निघतो. त्यात वरून मांस बुडेपर्यंत स्टॉक ओतला तर हाती येते ते बारबेक्यू नव्हे, उकडलेले मांस. तळाशी कांद्याच्या जाड चकत्या पसरा, त्यावर मांस चरबीची बाजू वर करून ठेवा आणि फक्त अर्धा कप द्रव घाला. बाकी ते अंगच्या रसात शिजते. भांडे अर्धे ते दोन तृतीयांश भरलेले हवे. तुकडा मावत नसेल तर दुमडू नका, दोन भाग करा.

सगळा सॉस सुरुवातीलाच ओतणे ही दुसरी चूक. रसात मिसळून तो पातळ होतो, कडेला साखर करपते आणि व्हिनेगरची धार बोथट होते. एवढ्या मांसाला 1 कप केचप, पाव कप अॅपल सायडर व्हिनेगर, 3 मोठे चमचे ब्राउन शुगर, 1 मोठा चमचा वुस्टरशायर सॉस आणि 1 छोटा चमचा मोहरीची पूड पुरते. यातला एक तृतीयांश आधी घाला, उरलेला बाजूला ठेवा. मांस काढल्यावर भांड्यातल्या रसावरचा तवंग काढा, रस रुंद पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा आणि मग राखलेला सॉस मिसळा. आटताना खारटपणा वाढतो, त्यामुळे मिठाची चव आटवल्यानंतरच बघा.

खरपूस कवच आणि धूर

कुकरच्या आत तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. मांस चांगले खरपूस व्हायला कोरड्या पृष्ठभागावर साधारण 140 अंशांहून अधिक लागते. म्हणजे कुकर मांस मऊ करून देईल, कवच आपल्यालाच चढवावे लागते. किलोला 12 ते 15 ग्रॅम मीठ चोळून मांस रात्रभर फ्रिजमध्ये उघडे ठेवा, दुसऱ्या दिवशी पुसून कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर प्रत्येक बाजूला 4-5 मिनिटे भाजा. साखर असलेला मसाला भाजल्यानंतर चोळा, आधी चोळला तर तव्यावरच जळतो. शेवटी शिजलेल्या तुकड्याला सॉस फासून 220 अंशांच्या ओव्हनमध्ये 8-10 मिनिटे ठेवा. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर शेवटचे करा, कारण सुरुवातीचे कवच वाफेत पुन्हा नरम पडते.

धुराच्या चवीसाठी 1 मोठा चमचा स्मोक्ड पापरिका (धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड) आणि अर्धा छोटा चमचा लिक्विड स्मोक (धुराचा बाटलीबंद द्रव अर्क) पुरे. लिक्विड स्मोक एका छोट्या चमच्याच्या वर गेला तर औषधी कडवटपणा येतो आणि तो काही केल्या निघत नाही. कापावर गुलाबी कडा दिसली नाही म्हणून खंतावू नका. ती लाकडाच्या धुरातल्या वायूंमुळे येते, चवीशी तिचा संबंध नाही. खरे तर अमेरिकेतल्या मध्य टेक्सासमध्ये ब्रिस्केटला मुख्यतः मीठ-मिरी आणि ओकचा धूर एवढेच लागते. स्लो कुकरमधला हा गोडसर, टोमॅटोचा प्रकार अमेरिकेतल्याच कॅन्सस सिटी या शहराच्या वळणाचा. त्याच मापाने तो जोखा.

निवड आणि कापणी

ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू असतात: चपटा, कमी चरबीचा ‘फ्लॅट’ आणि जाड, चरबीदार ‘पॉइंट’. पॉइंट चुका पोटात घालतो. फ्लॅट लवकर कोरडा पडतो, म्हणून त्यावरची चरबी पूर्ण न काढता 6 मिलिमीटर राखा. लेबलवर ‘कॉर्न्ड बीफ’ लिहिले असेल तर ते आधीच खारवलेले असते. त्यावर नेहमीचे मीठ चोळले तर तोंडात धरवणार नाही.

छान शिजलेले मांसही चुकीच्या दिशेने कापले की चिवट लागते. काप तंतूंना आडवे घ्या. शिजल्यावर मसाल्याखाली तंतू दिसत नाहीत, त्यामुळे कच्चे असतानाच तंतूंना आडवी अशी एक कोपऱ्याची चकती कापून खूण करून ठेवा. पॉइंट आणि फ्लॅटचे तंतू वेगवेगळ्या दिशांना धावतात, तेव्हा दोन्ही असतील तर आधी वेगळे करा. कापण्यापूर्वी 20-30 मिनिटे झाकून ठेवा.

पाहुण्यांसाठी करायचे तर आदल्या दिवशी करणे सोयीचे. मांसाचे दोन-तीन मोठे ठोकळे करा, रसासह उथळ भांड्यात घालून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वरची चरबी पापुद्र्यासारखी उचलून निघते आणि थंड मांसाचे काप न मोडता पडतात. मग ते रसात झाकून 150 अंशांच्या ओव्हनमध्ये आतून 74 अंश होईपर्यंत गरम करा. सॉस फासून खरपूस करणे अगदी वाढायच्या आधी.