ग्राहक आयोगात तक्रार करताना या चुका टाळा : शुल्क नाममात्र, खर्च मात्र खरा

पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तू किंवा सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला एक रुपयाही शुल्क लागत नाही. त्यापुढे दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४०० रुपये आणि पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये असे शुल्क आहे. दिवाणी दाव्याच्या कोर्ट फीशी तुलना केली तर हे काहीच नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला दिलेली ही सवलत खरोखरच मोलाची आहे. मात्र त्यावरून तक्रार फुकटात लढता येते असा समज करून घेतला, तर प्रकरण अर्ध्यावर आल्यावर पंचाईत होते. खर्च शुल्काच्या रकान्यात नसतो. तो कागदपत्रांत, तपासणीत, तारखांत आणि निकालानंतरच्या वसुलीत असतो.

पहिली चूक शुल्काच्या हिशेबातच होते. शुल्क आणि आयोगाची अधिकारिता ही दोन्ही आपण मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर वस्तू किंवा सेवेसाठी प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरतात. हा मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी डिसेंबर २०२१ च्या नियमांनी केली आहे. विम्याच्या बाबतीत मोबदला म्हणजे भरलेला हप्ता. म्हणून दहा लाखांचा आरोग्य विमा दावा नाकारला गेला, तरी हप्ता चौदा हजारांचा असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच जाते आणि शुल्क लागत नाही. दुसरीकडे, ३८ हजारांच्या फ्रिजसाठी मानसिक त्रासापोटी दहा लाख मागितल्याने शुल्क वाढत नाही हे खरे, पण तक्रारीचे वजनही वाढत नाही. अशा अवास्तव मागणीमुळे तक्रारदाराच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका निर्माण होते आणि योग्य रकमेची मागणीही संशयाच्या छायेत येते.

फ्रिजचेच उदाहरण पुढे नेऊ. साताऱ्यातल्या एका कुटुंबाने गावातल्याच दुकानातून फ्रिज घेतला, आठव्या महिन्यात कॉम्प्रेसर बंद पडला, तंत्रज्ञ तीनदा येऊन गेला आणि अखेर कंपनीने ‘व्होल्टेजमुळे बिघाड’ असे लिहून हात वर केले, असे समजा. कंपनीचे मुख्यालय परराज्यात असले तरी तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वॉरंटी कार्डावर ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असे छापलेले असते म्हणून पुष्कळ लोक तिथेच माघार घेतात. तशी गरज नाही. खरी अडचण पुढे येते. बिघाड उत्पादनातला की विजेच्या दाबामुळे झालेला, हे सिद्ध कोणी करायचे? सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी प्रथम तक्रारदारावर असते, ही सर्वोच्च न्यायालयाची स्पष्ट भूमिका आहे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि त्याची फी तक्रारदाराला आधी आयोगात भरावी लागते. ही तरतूद ऐनवेळी कळते आणि घरातले लोक हबकतात. त्यामुळे तंत्रज्ञाने प्रत्येक भेटीनंतर दिलेला जॉब कार्डाचा कागद जपून ठेवणे, त्यावर त्याने बिघाडाचे कारण काय लिहिले आहे ते त्याच्यासमोरच वाचून घेणे आणि नादुरुस्त भाग परत नेऊ देण्याआधी त्याचे फोटो काढणे, या तीन गोष्टी तपासणीचा खर्च टाळू शकतात. तक्रार चालू असताना तोच फ्रिज दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेणे ही त्याहून मोठी चूक, कारण मग तपासायला पुरावाच उरत नाही.

सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते, किती करावेत, यातही घोळ होतो. दुकानदार, उत्पादक आणि सेवा केंद्र यांना पक्षकार करणे सहसा योग्य असते. पण रागाच्या भरात संचालक, शाखाधिकारी, ग्राहक सेवा अधिकारी अशा साऱ्यांची नावे घातली, की प्रत्येकासाठी कागदांचा वेगळा संच लागतो, प्रत्येकाला नोटीस बजावावी लागते आणि एकाचा पत्ता चुकला तरी प्रकरण पुढच्या तारखेवर जाते. सामनेवाल्याचे नाव जाहिरातीतले न लिहिता पावतीवर छापलेले कंपनीचे पूर्ण नाव लिहावे. संच तयार करताना अनुक्रमणिका, पानांचे क्रमांक, शपथपत्र आणि प्रत्येक जोडपत्रावर सही हे सगळे पाहावे; कार्यालयाने काढलेल्या त्रुटी दूर करण्यात जाणाऱ्या फेऱ्या हाही खर्चच आहे, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्यासाठी तो सर्वांत जड असतो. व्हॉट्सॲपवरचे संदेश आणि ईमेल यांच्या छापील प्रती जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र सोबत दिले, तर सामनेवाल्याला हरकत घ्यायला जागा राहत नाही.

मुदतीबद्दलची चूक मात्र सर्वांत महाग पडते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. कंपनी ‘आपली तक्रार विचाराधीन आहे’ असे ईमेल पाठवत राहते आणि ग्राहक वाट पाहत राहतो; परंतु केवळ पत्रव्यवहार चालू ठेवल्याने मुदत वाढत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार उपयुक्त असते, तिथे पुष्कळ प्रकरणे मिटतातही, पण ती आयोगातली तक्रार नव्हे आणि तिने दोन वर्षांचे घड्याळ थांबत नाही. उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, मात्र पुरेसे कारण दाखवावे लागते आणि त्या अर्जावरच सामनेवाला पहिली लढाई लढतो. बँक किंवा विमा कंपनीशी वाद असेल तर त्या क्षेत्रातल्या तक्रारींसाठीच्या लोकपालाकडे (ओम्बड्समनकडे) विनाशुल्क दाद मागण्याचा मार्ग आधी तपासावा. तो तपासतानाही दोन वर्षांचा हिशेब आपल्याच वहीत ठेवावा.

वकील हवाच का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. कायद्याने वकील सक्तीचा नाही. तक्रारदार स्वतः किंवा अधिकारपत्र दिलेल्या प्रतिनिधीमार्फत बाजू मांडू शकतो आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. पावती, वॉरंटी आणि नकाराचे पत्र हातात असलेले सरळ प्रकरण स्वतः चालवता येते असे माझे मत आहे. वैद्यकीय हलगर्जी, बांधकाम किंवा गुंतागुंतीचा विमा दावा असेल तर मात्र वकिलाची फी वाचवायला जाऊ नये. फी ठरवताना ती नोटिशीपुरती, निकालापर्यंतची, की दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज) आणि अपील धरून, हे लेखी ठरवून घ्यावे. निकालाच्या रकमेतला टक्का म्हणून फी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई केली आहे, त्यामुळे असा प्रस्ताव आला तर सावध व्हावे. आणखी एक गोष्ट ठाऊक असावी : वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे.

जिंकल्यावर सगळा खर्च वसूल होईल, ही अपेक्षाही सोडावी. आयोग तक्रारीचा खर्च मंजूर करतो, पण लहान प्रकरणांत तो बहुधा काही हजारांतच असतो आणि प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा मेळ बसेलच असे नाही. याउलट, दोन्ही पक्षांपैकी कोणावरही योग्य तो खर्च बसवण्याचा अधिकार आयोगाला आहे. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या तक्रारींवर १९८६ च्या जुन्या कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत खर्च बसवण्याची तरतूद होती. प्रामाणिक तक्रारदाराने घाबरण्याचे कारण नाही, पण व्यापारासाठी घेतलेली, म्हणून या कायद्यात न बसणारी वस्तू घरगुती वापरासाठी घेतल्याचे शपथेवर सांगणे अंगाशी येऊ शकते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू, उदाहरणार्थ शिलाई मशीन, ही त्याला अपवाद आहे आणि तसे तक्रारीतच स्पष्ट लिहिले पाहिजे.

कायद्याने निकालासाठी तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने असा काळ सांगितला आहे. व्यवहारात त्याहून बराच अधिक वेळ धरूनच निर्णय घ्यावा. मध्येच कंपनी तडजोडीला तयार झाली तर पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय तक्रार मागे घेण्याची पुरसीस (आयोगाला द्यायचे लेखी निवेदन) देऊ नये. ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या पावतीवर सही करताना आपण कोणती रक्कम सोडत आहोत ते तपासावे.

निकालानंतर सामनेवाला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकतो, पण त्यासाठी आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम त्याला भरावी लागते. लहान रकमांच्या प्रकरणांत ग्राहकाला मिळालेले हे मोठे संरक्षण आहे. अपील झाले तर मुंबईच्या किंवा खंडपीठाच्या फेऱ्यांची तयारी ठेवावी. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशा वेळी नुसती स्मरणपत्रे पाठवत बसू नये. २०१९ च्या कायद्याच्या कलम ७१ खाली दरखास्त दाखल करून दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे जप्तीने वसुली मागता येते, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. या अर्जासाठी आदेशाची प्रमाणित प्रत लागते. ती निकालाच्या दिवशीच मागून ठेवावी.