ट्रॅक्टरची वॉरंटी: क्लेम का फेटाळला जातो आणि तो मंजूर कसा करून घ्यायचा

वॉरंटीचा क्लेम मंजूर होणार की नाही, हे बहुतेक वेळा ट्रॅक्टर बिघडायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर पाहणीला आला की आधी चार गोष्टी बघतो: अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते दाखवणारं) चालू आहे का, सर्व्हिस वेळेवर झाल्या का, आत कोणतं तेल आहे आणि एअर क्लीनरच्या पुढच्या पाइपात धूळ आहे का. यातली एक जरी बाजू लंगडी निघाली तरी खरोखरचा कारखान्याचा दोषही मालकाच्या माथी बसतो. म्हणून या चार गोष्टी पहिल्या दिवसापासून सांभाळायच्या.

ट्रॅक्टर घरी आणण्याआधी

पाडवा, अक्षय तृतीया, दसरा या मुहूर्तांना शोरूममध्ये एकाच दिवशी बरेच ट्रॅक्टर सुटतात. पूजा होते, फोटो होतो आणि "कागद नंतर घेऊन जा" म्हणून सांगितलं जातं. तसं करू नका. टॅक्स इनव्हॉइस, फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, फॉर्म २२ म्हणजे वाहन रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, विम्याची पॉलिसी, डिलिव्हरी चलन आणि शिक्का मारलेली वॉरंटी पुस्तिका त्याच दिवशी हातात घ्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचून कागदाशी जुळवा. एक आकडा चुकला तरी आरटीओपासून क्लेमपर्यंत सगळीकडे अडतं.

कंपनीच्या नोंदीत मोबाइल नंबर मालकाचाच टाकायला लावा. घाईत एजंटचा किंवा सेल्समनचा नंबर पडतो आणि मग सर्व्हिसचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात.

"पाच वर्षं वॉरंटी", "सहा वर्षं वॉरंटी" असं बोर्डावर लिहिलेलं असतं. पुस्तिकेत मात्र बऱ्याचदा त्याचे दोन तुकडे असतात. सुरुवातीची काही वर्षं जवळपास पूर्ण ट्रॅक्टरला आणि पुढची वर्षं फक्त इंजिन, गिअरबॉक्सच्या आतल्या ठरावीक भागांना. शिवाय वर्षांसोबत तासांची मर्यादा असते आणि जे आधी संपेल ते धरलं जातं. समजा २ वर्षं किंवा २,००० तास अशी अट आहे. घरच्या वीस एकरांत वर्षाला ३५० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला पूर्ण दोन वर्षं मिळतात. तोच ट्रॅक्टर कारखान्याच्या ऊस वाहतुकीला लावला आणि रोज १२ तास चालला, तर १२० दिवसांच्या एका हंगामातच १,४४० तास होतात. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर वॉरंटी संपलेली असते. काही पुस्तिकांत भाड्याच्या आणि वाहतुकीच्या वापराला वेगळी, कमी मुदत असते. ज्यांना ट्रॅक्टर उसालाच लावायचा आहे त्यांनी ते पान सही करण्याआधी वाचावं.

टायर, बॅटरी, डिझेल पंप, स्टार्टर, अल्टरनेटर यांची वॉरंटी बहुधा त्या-त्या बनवणाऱ्या कंपनीची असते. डीलर मध्यस्थ असतो. टायरवरचे नंबर लिहून ठेवा, बॅटरीच्या कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का घ्या. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, फिल्टर, तेल, बेल्ट, होज पाइप, बल्ब, फ्यूज या झिजणाऱ्या वस्तू समजल्या जातात आणि सर्वसाधारणपणे वॉरंटीत येत नाहीत.

पहिले ५० तास आणि सर्व्हिसची कूपनं

बहुतेक कंपन्यांची पहिली सर्व्हिस ५० तासांना असते. तोवर पलटी नांगर, भरलेली ट्रॉली किंवा ओल्या काळ्या रानात रोटाव्हेटर अशी जड कामं टाळायची. इंजिन उगाच तासन्‌तास मंद चालूही ठेवायचं नाही. ५० तासांना इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलतात, टॅपेट, क्लचचा प्ले, चाकांचे नट बघतात. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फुकट. तेल आणि फिल्टरचे पैसे आपल्याला द्यावे लागतात. त्याचं पक्कं बिल मागा. क्लेमच्या वेळी तेच बिल तेल कोणतं घातलं याचा पुरावा ठरतं.

पुढच्या सर्व्हिस किती तासांना करायच्या ते पुस्तिकेत असतं. किती तास मागेपुढे चालेल हेही बऱ्याच पुस्तिकांत असतं. पेरणीच्या धांदलीत ही मुदत हमखास चुकते, म्हणून मृग लागायच्या आधी, मे महिन्यातच, मीटर बघून पुढची सर्व्हिस कधी येते त्याचा हिशेब करा. थोडी अलीकडे करून घेतलेली बरी. पंधरा दिवस उशीर झाला तर शोरूममध्ये सुद्धा रांग लागलेली असते.

मिस्त्री शेतावर येऊन सर्व्हिस करणार असेल तर काम झाल्यावरच कूपनावर सही करा आणि त्यावर मीटरचा आकडा, तारीख, बदललेले फिल्टर लिहिलेले आहेत का ते बघा. कोऱ्या कूपनांवर एकदम सह्या करून देण्याची सवय फार नुकसान करते. कूपन गेलं, नोंद झाली, पण तेल जुनंच राहिलं, असं झालं तर पुढे सिद्ध करायला हातात काहीच उरत नाही.

अवर मीटर बंद पडलं तर त्याच दिवशी फोटो काढून डीलरला पाठवा आणि तक्रार नोंदवा. मीटर बदललं तर जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा पुस्तिकेत लिहून शिक्का घ्या. केबल तुटलेल्या मीटरवर महिनोन्‌महिने ट्रॅक्टर चालवला की तास लपवले असं गृहीत धरलं जातं, आणि मग पुढचं बोलणंच खुंटतं.

धूळ, तेल, पाणी: सर्वात जास्त क्लेम इथं पडतात

मराठवाड्यात ट्रॅक्टर दोन कामांना सर्वाधिक धूळ खातो. एक म्हणजे सोयाबीन आणि हरभऱ्याच्या मळणीला, दुसरं उन्हाळ्यात कोरड्या रानात मोगडताना. एअर क्लीनर नीट नसला की ही बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते, पिस्टन रिंग आणि लायनर घासते, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागतो आणि इंजिन तेल पिऊ लागतं. तीन-चारशे तासांत इंजिन उतरलं तर मालकाला तो कारखान्याचा दोष वाटतो. इंजिनिअर मात्र इनटेकचा रबरी पाइप काढून आत बोट फिरवतो. बोटाला माती लागली की क्लेम तिथंच थांबतो.

एअर क्लीनर ऑइल बाथ, म्हणजे तेलातून हवा गाळणारा, असेल तर मळणीच्या दिवसांत रोज वाटी उघडा. तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. तळाला गाळ साचला किंवा तेल घट्ट झालं की बदला. ड्राय फिल्टर असेल तर बाहेरचा फिल्टर कमी दाबाच्या हवेनं आतून बाहेर साफ करा. फिल्टर टायरवर आपटू नका, कागदाच्या घड्या फाटतात. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. पाइपांचे क्लॅम्प हातानं हलवून बघा. टर्बो नसलेल्या इंजिनाची एक सोपी चाचणी आहे: इंजिन मंद चालू ठेवून हवा ओढायचं तोंड पाटीनं पूर्ण झाका. इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर मध्ये कुठून तरी न गाळलेली हवा आत शिरते आहे.

तेलाच्या बाबतीत इंजिनपेक्षा मागच्या तेलाची चूक महाग पडते. आताच्या बहुतेक ट्रॅक्टरना तेलात बुडालेले ब्रेक असतात. गिअर, हायड्रॉलिक आणि ब्रेक या तिन्हींना एकच तेल चालतं आणि त्यासाठी यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल) प्रकारचं खास तेल लागतं. मोंढ्यातल्या दुकानातून "हेच चालतंय" म्हणून साधं हायड्रॉलिक किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल घातलं तर ब्रेक दाबताना करकर आवाज येतो, ब्रेकच्या डिस्क खराब होतात, लिफ्ट थरथरते. हे तेल ट्रॅक्टरप्रमाणे ३५ ते ६५ लिटर लागतं, त्यामुळे पैसे वाचवायचा मोह होतो हे खरं. पण तेलाचा नमुना तपासला की फरक लपत नाही आणि गिअरबॉक्सचा क्लेम हातचा जातो. टॉप-अप केलं तरी डबा कोणता होता त्याचा फोटो ठेवा.

आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड आहे. ते रेडिएटरमध्ये घातलं की आत क्षार बसतात, इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट जातं. पुस्तिकेत दिलेलंच कूलंट वापरा. मळणी चालू असताना रेडिएटरच्या जाळीवर भुसा बसतो, तो दर दोन-तीन तासांनी झटका. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की काम थांबवा. तापलेलं इंजिन ओढत नेल्याच्या खुणा हेड उघडल्यावर दिसतातच.

डिझेल कॅन किंवा बॅरलमधून भरत असाल तर जाळी-कापड लावून भरा आणि वॉटर सेपरेटरचं पाणी नियमित काढा. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपावरचं सील कोणालाही तोडू देऊ नका. "थोडी पॉवर वाढवून देतो" म्हणून पंपाची सेटिंग बदलली की पंपाची आणि इंजिनाचीही वॉरंटी संपली असं समजा.

५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम ४ चे प्रदूषण नियम लागू झाले आणि त्यांत कॉमन रेल इंजिन (डिझेल जास्त दाबानं फवारणारं), ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर आणि सेन्सर आले. अशा ट्रॅक्टरवर कुठंही वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, नाहीतर ईसीयू जळू शकतो. गाण्यांच्या बॉक्सला आणि जादा लाइटला मूळ वायरिंग कापून जोड दिला तर इलेक्ट्रिकचा कोणताही क्लेम टिकत नाही.

अवजाराचं मापही बघितलं जातं. साधारण ५ फुटी रोटाव्हेटरला ३५ ते ४५ एचपी आणि ६ फुटीला ४५ ते ५५ एचपी लागते. त्याहून मोठं अवजार लावलं किंवा पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) चालू ठेवूनच ते उंच उचलण्याची सवय असली तर पीटीओच्या गिअरचा क्लेम अडतो.

बिघाड झाला की

ट्रॅक्टर जागेवर थांबवा. गावातल्या मिस्त्रीला उघडायला लावू नका, नुसतं झाकण काढून बघायलाही नाही. मीटर, चेसिस नंबर आणि गळती यांचे फोटो काढा, आवाज असेल तर व्हिडिओ करा. मग डीलरच्या आधी कंपनीच्या टोल फ्री नंबरला फोन लावून तक्रार क्रमांक घ्या. डीलरला फक्त तोंडी सांगितलं तर तारखेचा पुरावा राहत नाही. तोच तक्रार क्रमांक आणि फोटो सर्व्हिस मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मिस्त्रीच्या येण्याजाण्याचा किंवा ट्रॅक्टर उचलून न्यायचा खर्च कोणाचा, हे तेव्हाच लिहून मागा.

जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, तक्रार तुमच्या शब्दांत आणि बारकाव्यासह लिहून घ्या. "गिअरचा प्रॉब्लेम" एवढं पुरत नाही. "भरलेली ट्रॉली असताना, तेल गरम झाल्यावर, चौथा गिअर सुटतो" असं लिहिलं तर इंजिनिअरला नेमकं शोधता येतं आणि तोच बिघाड परत आला तर तो जुनाच आहे हे दाखवता येतं. मीटरचा आकडा आणि तारीख बघून प्रत घ्या. काम होऊन ट्रॅक्टर परत घेताना, समाधान झालं नसेल तर "समाधानी" या रकान्यात सही करू नका. "आवाज अजून आहे" असं लिहून सही करा.

वॉरंटीत बदललेले पार्ट कंपनी परत घेते, म्हणून ते जाण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. क्लच प्लेटच्या बाबतीत हे विशेष कामाला येतं. लायनिंग सगळीकडून सारखं झिजलेलं आणि प्रेशर प्लेट जळून निळी पडलेली असेल तर क्लचवर पाय ठेवून चालवल्याची ती खूण आहे, तिथं भांडून उपयोग नाही. पण कमी तासांत डँपरच्या स्प्रिंगा तुटल्या असतील किंवा लायनिंग तुकड्यानं सुटून आलं असेल तर दोष पार्टचा असण्याची शक्यता मोठी. "क्लच वॉरंटीत येत नाही" म्हणून डीलरनं हात वर केले तरी हा फोटो कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरला पाठवून लेखी उत्तर मागा.

तुमच्या डीलरचं काम बरं नसेल किंवा एजन्सीच बंद झाली असेल, तर वॉरंटी कंपनीची आहे हे लक्षात ठेवा. जालन्यात घेतलेला ट्रॅक्टर परभणीच्या अधिकृत डीलरकडे दाखवता येतो. चेसिस नंबरवरून नोंदी निघतात.

क्लेम फेटाळला तर

कारण लेखी मागा. फोनवरचा नकार धरू नका. काही वेळा मुदत नुकतीच संपलेली असते किंवा कारण वादाचं असतं, तेव्हा कंपनी "गुडविल" म्हणून पार्टच्या किमतीत वाटा उचलते. हा हक्क नाही, पण सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण असतील तर मागायला संकोच करू नका. तिथंही जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा. सोबत डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, पोचपावती सांभाळा.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठंही असो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. "ट्रॅक्टर व्यवसायासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही" असा बचाव समोरून येऊ शकतो. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः चालवलेला व्यवसाय कायद्यानं 'व्यावसायिक हेतू'तून वगळला आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच ठरता, हे तक्रारीतच स्पष्ट लिहा आणि सातबारा जोडा.

नुसत्या तक्रारीवर उत्पादनातला दोष सिद्ध होत नाही, तज्ज्ञाचा अहवाल लागतो. ट्रॅक्टर किंवा पार्ट तपासणीला पाठवावा असा अर्ज आयोगाकडे करा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयाचं नाव त्यासाठी सुचवता येईल. अहवाल येईपर्यंत तो भाग उघडू नका, विकू नका. बंद पडलेल्या काळात भाड्यानं ट्रॅक्टर लावला असेल तर त्याच्या पावत्या तारखेनुसार जोडा, कारण वॉरंटीत असं नुकसान धरलं जात नाही, ते आयोगाकडे वेगळं मागावं लागतं. आणि वाद चालू आहे म्हणून कर्जाचा हप्ता थांबवू नका. वॉरंटीचा वाद डीलर-कंपनीशी आहे, फायनान्सवाल्याशी नाही. हप्ते थकले की तो ट्रॅक्टर ओढून नेतो आणि तपासणीला हातात यंत्रच राहत नाही.