जर्मनीत कुणी ‘माल्त्साइट’ म्हणालं तर

जर्मनीत नोकरीसाठी नव्याने गेलात की दुपारी बाराच्या सुमारास ऑफिसच्या जिन्यात कुणीतरी तुम्हाला ‘माल्त्साइट’ म्हणेल. शब्दशः अर्थ जेवणाची वेळ. आपल्या ‘जेवलात का?’ची आठवण होते खरी, पण हा प्रश्न नाही, दुपारचं अभिवादन आहे. डब्यात काय होतं ते सांगायला थांबू नका. आपणही ‘माल्त्साइट’ म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं.

एरवी नमस्कारासाठी ‘गुटन टाग’ कुठेही चालतं. हॅम्बुर्गकडे मात्र ‘मॉइन’, तेही सकाळी, दुपारी, रात्री कधीही. दक्षिणेकडच्या बव्हेरिया राज्यात ‘ग्र्यूस गॉट’. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये शिरताना अनोळखी लोकांनाही अभिवादन करतात आणि निघताना निरोप घेतात. आपण दवाखान्यात मुकाट्याने कोपऱ्यातली खुर्ची पकडतो, तसं तिथे केलं तर माणूस तुसडा वाटतो.

‘झी’ म्हणजे तुम्ही, ‘डू’ म्हणजे तू. हा फरक मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त ‘डू’वर यायचा प्रस्ताव वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या व्यक्तीकडून येऊ द्या. हल्ली बऱ्याच ऑफिसांत पहिल्या दिवसापासून सरसकट ‘डू’ असतं, पण ते समोरून कळेपर्यंत ‘झी’च बरं.

आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी कधीच देऊ नका, तो तिथे अपशकुन मानतात. रविवारी वाढदिवस असेल तर सोमवारी द्या. केक बहुधा ज्याचा वाढदिवस तोच आणतो.