साथीच्या दिवसांत किशोरवयीन मुलांशी घरात कसे वागावे

कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पहिल्याच काही आठवड्यांत इंदूर हे मध्य प्रदेशातील सर्वाधिक बाधित शहर ठरले. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांतील मराठी घरांत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे चोवीस तास एकत्र राहू लागले, तेव्हा सर्वांत अडचण झाली ती चौदा-सोळा वर्षांच्या मुलांची. पुन्हा तशी वेळ आली, तर मुलाला समजावण्याआधी घरातील जागेची आणि वेळेची वाटणी करावी.

स्वतंत्र खोली नसली तरी गॅलरी किंवा गच्चीचा जिना रोज दोन तास मुलाचा, असे ठरवून आजी-आजोबांनाही सांगता येते. त्या वेळात त्याला दूध आणायला पाठवू नये आणि काय करतोस हेही विचारू नये. इंदूरच्या भंवरकुवा भागातला कोचिंग क्लास सुटल्यावर मित्रांशी ज्या गप्पा होत, त्या अशा दिवसांत मोबाइलवर होतात. म्हणून फोन काढून घेण्याऐवजी जेवताना आणि झोपण्यापूर्वी तासभर तो बाजूला ठेवण्याचा नियम बाबांसकट सर्वांना लावावा. बाबाच ताटावर बसून रुग्णांचे आकडे वाचत असतील, तर मुलाला तो नियम सांगू नये, हे बरे.

किशोरवयात झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे उशिरा उठणे हा निव्वळ आळस नसतो. या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी आणि सकाळचे पोहे शक्यतो उजेडात, गच्चीवर खावेत.

समोर बसवून चौकशी केली की ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा मटार सोलताना किंवा कीसासाठी भुट्टे किसताना बोलणे आपोआप निघते. त्या वेळी उपदेश टाळावा. एप्रिल २०२१ मध्ये सीबीएसईची दहावीची आणि १ जूनला बारावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा अनेक घरांत ‘सुटलास बाबा’ असे म्हटले गेले. वर्षभर तयारी केलेल्या मुलाला ते लागते. पगार कापला गेला असेल तर तेही त्याला मोजक्या शब्दांत खरे सांगावे, कारण भिंतीपलीकडची कुजबुज त्याला ऐकू येतच असते. आई-बाबांचा अबोला असेल तर मुलाकरवी निरोप धाडू नयेत.

चिडचिड, जेवण टाळणे किंवा एकटे राहणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मरणाची भाषा आली तर त्याला एकटे सोडू नये आणि जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो मुलाच्या फोनमध्येही असावा, कारण पहिल्यांदा बोलायला त्याला घरातले कोणी नको असू शकते.