परदेशी सामान पाठवताना यादी नीट करा

ठाण्या-नवी मुंबईतून परदेशी बिऱ्हाड हलवायचं तर कंटेनर बहुधा उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातूनच जातो. वीस फुटीत साधारण 33 घनमीटर जागा असते. सामान थोडं असेल तर दुसऱ्यांबरोबर कंटेनर वाटून घ्या, मात्र वेळ जास्त लागतो.

खरी मेहनत यादीवर घ्या. प्रत्येक खोक्याला नंबर घाला. ‘किचनचं सामान’ असं मोघम नको. ‘कुकर, स्टीलचे डबे, लाकडी पोळपाट’ असं लिहा, तेही स्वतः. पॅकर्सची पोरं घाईत काहीही खरडतात!

ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर केरसुणी, सूप, भुंगा लागलेलं लाकूड इथेच सोडा. ट्रेकचे बूट तळव्याच्या खाचांतली माती निघेपर्यंत ब्रशने घासा. तिथे माती दिसली की सामान अडकतं.

पासपोर्ट, दागिने, मुलांचे दाखले हातातल्या बॅगेत.